रिपोर्ट नॉर्मल, तरी पोरीचं पोट दुखतंच. मग डॉक्टरांचा सल्ला मध्येच का सुटतो?

कोरेगाव भीमाचं नाव राज्यभर घेतलं जातं ते 1 जानेवारीला. एरवी हे नगर रोडवरचं कामगारांचं गाव. सणसवाडी, रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबं इथे भरपूर. समजा, अशाच एका घरातली नऊ वर्षांची मुलगी महिनाभर रोज शाळेच्या वेळेला पोट धरून बसते. रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "काही नाहीये, शाळेत पाठवा."

खरी गडबड या 'काही नाहीये'पासून सुरू होते. आईला वाटतं, डॉक्टरला कळलंच नाही. वडिलांना वाटतं, पोरगी नाटक करते.

दोन्ही चूक. मग हे असतं काय?

दुखणं खरं असतं. मेंदू आणि आतड्यातला संवाद बिघडला की एरवी जाणवणारही नाहीत अशा पोटातल्या हालचाली दुखायला लागतात. याला 'फंक्शनल' दुखणं म्हणतात. मोबाइल फुटलेला नाही, सेटिंग बिघडलंय, असं समजा. हे दुर्मीळही नाही. जॉन अ‍ॅप्ले या डॉक्टरांनी 1958 साली ब्रिटनमधल्या 1000 शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला, त्यात दर दहातल्या साधारण एका मुलाचं पोट असं वारंवार दुखत होतं.

सल्ला सोपा दिसतो, पाळणं अवघड

शाळा बंद करू नका, सुरुवातीला अर्धा दिवस चालेल. झोपेची वेळ ठरवा. 'दुखतंय का गं?' असं दर तासाला विचारू नका. एकच डॉक्टर धरा आणि दिलेल्या तारखेला परत जा. गरज पडली तर समुपदेशन घ्या. यात ना गोळी, ना सलाईन. पैसे मोजून रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटतं. त्यात फरक दिसायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरीला शाळेत सोडणं आईच्या जिवावर येतं. मग दुसरा डॉक्टर, पुन्हा सोनोग्राफी, मधल्या काळात आजीने काढलेली दृष्ट. दृष्ट काढल्याने कुणाचं बिघडत नाही, पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण झाली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

समुपदेशनाचं नाव काढलं की आणखी एक अडचण. ससूनला जायचं तर नगर रोडने सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे एक खाडा. शिवाय वाटेत येरवडा लागतं. 'येरवड्याला पाठवा' हा आपल्याकडे अजूनही विनोद असेल, तर कुठला बाप पोरीला मानसोपचार विभागात नेतो म्हणून सांगेल? घरबसल्या सुरुवात करायची तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. 14416 वर फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सल्ला टिकतो तो डॉक्टरांनी दहा मिनिटं देऊन 'का दुखतंय' हे समजावलं तर. ते सांगत नसतील तर आपण विचारायचं, "दुखतंय का, आणि परत कधी आणू?"

मात्र वजन घटणं, शौचातून रक्त, सारखा ताप किंवा उलट्या, दुखण्याने रात्री झोपमोड, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं यातलं काही दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता मुलीला लगेच परत दाखवा. आधीचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी.