दाराची कडी

परवा भाची बोरिवलीहून आली, स्वतः लिहिलेली एकांकिका घेऊन. कॉलेजच्या स्पर्धेसाठी. सुरुवात झकास, मधलं बापलेकीचं भांडणही छान रंगलेलं... आणि शेवटी फोन येतो की बाप अपघातात गेला. पडदा!

मी म्हटलं, "हा शेवट तू वरून आणून टाकलायस. आतून आलेला नाही."

मग तिला 'शांतता! कोर्ट चालू आहे' काढून दिलं. तेंडुलकर पार्ल्यात राहायचे. तिथे अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यातून हे नाटक सुचलं. 'रंगायन'ने ते १९६७ साली रंगमंचावर आणलं.

पहिल्या अंकात दाराची कडी बेणारेबाईंच्या बोटाला लागते. किरकोळ गोष्ट, आपण विसरूनही जातो. पुढे खेळातला खटला अंगावर यायला लागतो, बाई निघायला उठतात, तर दार बाहेरून बंद! आधी ती कडी दिसली नसती, तर हा निव्वळ योगायोग वाटला असता. आरोपाचंही तसंच. गंमत म्हणून ठेवलेला आरोप भ्रूणहत्येचा. आणि शेवटी तेच कोर्ट बाईंच्या पोटातलं मूल नष्ट करण्याची शिक्षा सुनावतं. कथानक म्हणजे नुसतं 'आधी हे, मग ते' नव्हे. आधीच्यामुळे नंतरचं.

भाची ऐकत होती. मग म्हणाली, "पण मामा, बाबा तसेच गेले ना? तेव्हा कुठे कुठली कडी होती?"

मी गप्प. चहा निवून गेला.

खरंच आहे तिचं. आयुष्य कारण द्यायला बांधील नाही. नाटक मात्र आहे, असं मला अजूनही वाटतं. किंबहुना म्हणूनच आपण नाटकाला जातो. पण म्हणून अपघाताला नाटकात जागाच नाही असं नाही. शेवटी आला की तो गोष्ट बंद पाडतो, सुरुवातीला आला की तिथूनच गोष्ट सुरू होते.

तिला एवढंच सांगितलं, "फोन पहिल्या पानावर घे. भांडण अर्धवट राहिलंय, हे हळूहळू कळू दे."

काल रात्री तिचाच फोन. "मामा, आता शेवट सुचत नाहीये."

"सुचेल," म्हटलं.

ताई, तू हे वाचत असशीलच. स्पर्धेआधी तिची वही मागू नकोस. एवढं ऐक माझं.