विश्लेषण : कयाक पाण्यात नव्हे, घराच्या अंगणात का बिघडते?

तारकर्लीजवळची कर्ली नदी असो की गोव्यातील साळ आणि मांडवी, शांत पाण्यात कयाक वल्हवणे आता नवलाचे राहिलेले नाही. निवास-न्याहारी योजनेतील घरे, छोटे जलक्रीडा व्यावसायिक आणि हौशी मंडळी यांच्या दारात या रंगीत होड्या दिसतात. पावसाळा आला की जलक्रीडा बंद होतात आणि होडी कित्येक आठवडे भिंतीला टेकून उभी राहते. तिचे मोठे नुकसान होते ते याच काळात. ते टाळायला बाजारातला महागडा रॅकच हवा का?

नुकसान नेमके कसे होते?

बहुतेक कयाक पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक खडकावरची आदळआपट सोसते, पण एकाच जागी सतत पडणारा भार त्याला सोसत नाही. अशा भाराखाली ते हळूहळू वाकते. उन्हाने तापले तर अधिक लवकर वाकते. टोकावर उभी केलेली किंवा ओबडधोबड जमिनीवर टाकलेली होडी म्हणूनच काही महिन्यांत पोचा घेऊन बसते. तळाचा आकार बिघडला की ती सरळ जात नाही, एका बाजूला ओढते. दुसरे संकट उन्हाचे. उत्पादक प्लास्टिकमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण करणारे घटक मिसळतात, पण वर्षानुवर्षे उघड्यावर राहिल्यास रंग उडतो आणि प्लास्टिक ठिसूळ होते. अशा तळाला भर खाडीत तडा गेला तर प्रश्न पैशांचा राहत नाही, होडीत बसलेल्याच्या जिवाचा होतो.

ही अडचण नवी आहे का?

मुळीच नाही. कयाक ज्यांची, त्या आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांच्या होड्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बनवलेल्या असत. कुत्र्यांनी कातडे खाऊ नये म्हणून त्या दगड रचून केलेल्या उंच आधारांवर ठेवल्या जात. कोकण आणि गोव्यातही मच्छीमार पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर वर ओढतात, खाली लाकडी आधार देतात आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात. जमिनीपासून उंच, योग्य जागी आधार आणि वर सावली ही तीन सूत्रे यातून मिळतात. प्लास्टिकच्या कयाकलाही याहून वेगळे काही लागत नाही.

आधार कुठे द्यायचा?

रॅक कशाचा आहे यापेक्षा आधार कुठे आहे हे महत्त्वाचे. साधारणपणे दोन्ही टोकांपासून लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर आधार असावा. म्हणजे 12 फुटी कयाकसाठी प्रत्येक टोकापासून 3 फुटांवर आणि दोन आधारांमध्ये 6 फूट अंतर. आत आडवे पडदे असतील तर आधार त्यांच्या जवळ घ्यावा, कारण तिथे होडी अधिक भक्कम असते. होडी कुशीवर किंवा पालथी ठेवणे चांगले. रुंद पट्ट्यांच्या झोळीतही ती नीट राहते. टोकाच्या मुठींना दोरी बांधून लटकवणे मात्र टाळावे. त्या मुठी उचलण्यासाठी असतात, महिनोन् महिने भार पेलण्यासाठी नाहीत.

घरी केलेला रॅक पुरेसा आहे का?

अंगण किंवा पडवी असलेल्या घरात नक्कीच. एका माणसाच्या कयाकचे वजन साधारण 20 ते 30 किलो असते. एवढा भार जांभ्याचे चिरे रचून केलेले दोन कट्टे सहज पेलतात. कट्ट्यांवर जुन्या वाशाचा तुकडा आणि त्यावर फोम किंवा जुन्या गादीची घडी ठेवली की काम झाले. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपची घोडीही करून घेता येते. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यावा. लाकूड थेट मातीत रोवू नये, वाळवी लागते. पाणी नेण्याचे पीव्हीसी पाइप स्वस्त म्हणून वापरले जातात, पण बारीक पाइप भाराखाली वाकतो आणि उन्हात ठिसूळ होतो. ज्या दोषापासून होडी वाचवायची, तोच दोष रॅकमध्ये आणण्यात अर्थ नाही.

मग विकतचा रॅक कुणी घ्यावा?

विकतच्या रॅकची बाजूही खरी आहे. त्यावर किती भार चालेल हे लिहिलेले असते, पट्ट्या तयार मिळतात, होडीच्या रुंदीप्रमाणे हात सरकवता येतात. जागा कमी असेल आणि होडी भिंतीवर किंवा छताखाली चढवायची असेल, तर तिथे जुगाड नको. डोक्यावर टांगलेले 25 किलो वजन खाली आले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मात्र परदेशी बनावटीचे अनेक भिंतीवरचे रॅक तिकडच्या गॅरेजमधील लाकडी चौकटीत स्क्रू बसेल हे गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्याकडे जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. नव्या इमारतींतील हलके एएसी ब्लॉकही साध्या फास्टनरला नीट धरत नाहीत. त्यामुळे रॅक भक्कम पण भिंत कच्ची अशी गत होऊ शकते. आरसीसीचा खांब, तुळई किंवा स्लॅब असेल तरच टांगावे, फॉल्स सीलिंगला कधीच नाही. ते नसेल तर जमिनीवर उभा राहणारा रॅक बरा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे काय?

सोसायटीच्या पार्किंगमधील भिंत ही सामाईक जागा. तिथे भोक पाडण्याआधी समितीची परवानगी हवी आणि जिना व बाहेर पडण्याची वाट मोकळी राहायला हवी. लिफ्टमध्ये 10-12 फुटी होडी मावत नाही, हेही खरेदीआधीच लक्षात घ्यावे. अशा घरांसाठी हवा भरण्याची किंवा घडीची कयाक हा अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. घडी करण्याआधी ती पूर्ण वाळवली पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.

पावसाळ्यात आणखी काय जपावे?

उताणी ठेवलेली कयाक म्हणजे पाण्याचे आयते पिंप. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. घरातील भांड्यांसाठी ‘कोरडा दिवस’ पाळायचा आणि अंगणातील होडी विसरायची, हे बरे नव्हे. बसण्याच्या पोकळीत उंदीर घर करतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यामुळे ठेवण्याआधी होडी गोड्या पाण्याने धुवावी, निचऱ्याचे बूच काढून वाळवावी आणि पोकळीचे तोंड झाकावे. ताडपत्री होडीला चिकटून न बांधता वर मांडवासारखी ताणावी, म्हणजे हवा खेळती राहते आणि उष्णता कोंडत नाही.

जबाबदारी कुणाची?

हौशी माणसाची होडी बिघडली तर नुकसान त्याचे. भाड्याने देणाऱ्याच्या होडीत मात्र पोहता न येणारा पाहुणाही बसतो. जीवरक्षक जॅकेट पाहुणा डोळ्यांनी पाहू शकतो. होडीने चार महिने कशा अवस्थेत काढले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच रॅककडे अंगणातील सोय म्हणून नव्हे, सुरक्षेचे साधन म्हणून पाहायला हवे. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक होडी पालथी घालून तळावर पोचे, पांढुरके पडलेले प्लास्टिक आणि बारीक तडे शोधणे ही व्यावसायिकांची सवय व्हावी. सदोष होडी पाण्यात न उतरवण्याचे धैर्यही त्यांनी दाखवावे. दोन कट्टे आणि एक झाप यांचा खर्च कुणालाही झेपणारा आहे. तो न करण्याचे कारण गरिबी नसते. ‘प्लास्टिकला काय होतंय’ हा समज असतो, आणि आधी बदलायला हवा तो हा समज.