जामीनदारच बुडाला, तर?

शिंक आली की नकळत लघवी होते, ही तक्रार किती आया-मावश्या पदराआड दडवतात, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. बाळंतपणांनी ओटीपोटाचे स्नायू सैल झाले, की हे दुखणे मागे लागते. त्यावर प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवतात. अनेकींना गुण येतो, हे खरे. पण काहींच्या शरीरात ती आतल्या आत रुतते, वेदना थांबत नाहीत आणि मांस तिच्यात गुंतल्याने ती पुरती काढताही येत नाही.

मग विक्रीपूर्वी तिची परीक्षा झाली नव्हती काय? अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने एक सोपी वाट ठेवली आहे. नवे उपकरण बाजारातल्या जुन्यासारखेच आहे असे दाखवले, की बहुधा माणसांवरील चाचण्या मागितल्या जात नाहीत. 'प्रोटेजेन' ही पट्टी याच वाटेने १९९६ मध्ये आली. तिचा दाखला देऊन १९९८ मध्ये 'टीव्हीटी' संमत झाली. १९९९ मध्ये प्रोटेजेन अपायकारक ठरून परत मागवली गेली. टीव्हीटीची संमती मात्र कायम राहिली. टीव्हीटीचा पुढे पुष्कळ अभ्यास झाला, पण आधी विक्री आणि मग अभ्यास, असा हा उलटा क्रम!

मी बँकेत कर्जाच्या फायली तपासत असे. जामीनदाराचे दिवाळे वाजले, तर आम्ही कर्जदाराकडून नवा जामीन मागत असू. इथे जामीनदार बुडाला, तरी खाते निर्धोकच!

ब्रिटनने जुलै २०१८ मध्ये अशा पट्ट्यांचा वापर थोपवला. बॅरोनेस कम्बरलेज यांच्या २०२० च्या अहवालाने दाखवले, की किती स्त्रियांना त्रास झाला याचा हिशेबच कोणाकडे नव्हता. 'बायकांची दुखणी' म्हणून तक्रारी झटकल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१८ पासून लागू आहेत. त्यांत परदेशी मान्यतेच्या आधारे येथील चाचणीत सूट मिळू शकते. म्हणजे तिकडचा जामीन इकडेही चालतो. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी केंद्रीय योजना २०१५ पासून आहे. पण बाई बोललीच नाही, तर नोंद कशाची होणार?

तेव्हा आधी व्यायामाने भागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. पट्टी बसवायचीच झाली, तर तिचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा. सोने तारण ठेवताना आपण पावती घेतोच ना? इथे तर देह तारण आहे.