वापरातली वास्तू

राजगडाच्या पद्मावती माचीवर आपणांस काय दिसते? वाड्यांची जोती तेवढी उरली आहेत. भिंती आणि छपरे केव्हाच नाहीशी झाली. राजधानी रायगडास गेली, पुढे काळ पालटला, माणसांचा वावर सरला आणि वास्तू खचल्या. पद्मावती देवीचे मंदिर मात्र उभे आहे. कारण तेथे पूजा थांबली नाही. भोर-वेल्ह्याच्या मुलांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांसह मुंबईस गेलो होतो. बोरीबंदरच्या स्थानकासमोरच महानगरपालिकेची भव्य इमारत आहे. ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १८९३ साली ती पूर्ण झाली. ते स्थानक ज्यांनी योजिले, त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनीच हिचाही आराखडा केला. दोन रस्ते जेथे निमुळत्या कोनात मिळतात, त्या टोकावर त्यांनी सुमारे २३५ फूट उंचीचा मनोरा उभारला. जागेची अडचण हीच इमारतीची शोभा झाली! तिच्या कमानी युरोपातील गॉथिक धाटणीच्या, तर घुमट पौर्वात्य वळणाचे आहेत.

एका मुलाने विचारले, "गुरुजी, ही तर इंग्रजांनी बांधली. मग ती आपण का जपायची?"

प्रश्न रास्त होता. आराखडा परक्याचा, हे खरे. परंतु दगडावर छिन्नी चालली ती येथल्या कारागिरांची आणि पैसा आला तो नगराच्या तिजोरीतून. नगराचा कारभार नागरिकांच्या प्रतिनिधींनी करावा, हा धडाही आपण अशाच वास्तूंत गिरवला. समोरचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा त्याचीच साक्ष देतो. तेव्हा ही इमारत आपलीच होय.

कोणी म्हणेल, जुन्या दालनांत आजचे कामकाज मावत नाही. मग कचेऱ्या हलवाव्यात आणि इमारत नुसती पाहण्यासाठी ठेवावी. मला हे पटत नाही. वाढते काम नव्या इमारतीत न्यावे. पण जुन्या वास्तूतला दिवा विझू देऊ नये. जेथे रोज माणसे येतात, तेथे गळके छप्पर लगेच ध्यानात येते. कुलूपबंद वास्तूत ते भिंत पडल्यावरच कळते. कायद्याने संरक्षण मिळते, हे खरे. परंतु जिव्हाळा वापरातूनच उपजतो.

मुलांनो, मुंबई दूर आहे. पण भोरचा राजवाडा, गावची चावडी आणि तुमची शाळा तर जवळच आहे ना? त्यांच्या भिंतींवर नावे कोरू नका. छपरावरचे एक कौल सरकले, तर आजच वडीलधाऱ्यांना सांगा. राजगडावरचे वाडे आपण परत आणू शकत नाही. जे उभे आहे, ते राखणे मात्र आपल्याच हाती आहे.