बेटावरची घरपट्टी



कपाशीचा समुद्राशी काय संबंध, असे वऱ्हाडातल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. पण जगातला अत्यंत लांब आणि तलम धाग्याचा कापूस एके काळी समुद्रातल्या वाळूच्या बेटांवर पिकत होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत या बेटांची रांग आहे. समुद्राच्या अंगाला वाळूच्या टेकड्या, जमिनीच्या अंगाला मैलोगणती खाऱ्या गवताची दलदल. आपण उताराला बांध घालतो, तसा निसर्गाने किनाऱ्याला घातलेला हा बांध. वादळाची लाट आधी बेट झेलते, मागचे गवत तिचा उरलेला जोर मोडते. या बांधाची खोड एवढीच, की तो जागा सोडतो. लाटा एका टोकाची वाळू उचलून दुसऱ्या टोकाला टाकतात.

त्यातले एक बेट सॅपेलो. ‘सी आयलंड’ कापूस तिथे पिके. दलदलीतला गाळ खत म्हणून शेतात वाहावा लागे, आणि वाहणारे सारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम नाहीतर त्यांची लेकरे. कॉलेजात आम्ही ‘बार्बाडेन्स’ म्हणून शिकलो तो हाच कापूस. आपल्याकडचे १९७४ चे ‘सुविन’ वाण त्याच कुळातले. १९२० च्या सुमारास सोंडवाल्या भुंग्याने (ही आपली बोंडअळी नव्हे) त्या किनाऱ्यावरून हे पीक उठवले.

पीक गेले, माणसे राहिली. गुलामगिरी सुटल्यावर १८७१ पासून त्यांनी स्वतःचा पैसा घालून तिथे जमिनी घेतल्या होत्या. पुढे तंबाखूच्या धंद्यातल्या एका धनाढ्याने बेटाचा बहुतेक भाग ताब्यात घेऊन वेगवेगळ्या वस्त्या एका जागी, हॉग हॅमॉकला, गोळा केल्या. आज साडेसोळा हजार एकरांच्या बेटावर ही वस्ती सव्वाचारशे एकरांची, आणि जुन्या घराण्यांतली माणसे काही डझन. बेटाला पूल नाही, बोटीनेच जायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये यांच्याच उत्सवाच्या दिवशी धक्क्यावरचा उतरता पूल कोसळून सात जण गेले.

समुद्र चढतो आहे. जवळच्या मोजणी केंद्रावर १९३५ पासून पाणी फुटाच्या आसपास वर आले आहे, आणि खारे पाणी चरांतून घरापर्यंत येते. पण पाणी सावकाश येते. पट्टीची नोटीस एका दिवसात येते. बाहेरचे लोक समुद्रकाठच्या बंगल्यासाठी वाटेल तो भाव देऊ लागले, आणि २०१२ साली गावकऱ्यांची घरपट्टी कित्येक पटींनी वाढली. जमिनीत काय पिकते ते कोणी विचारले नाही, विकली तर काय येईल ते पाहिले. ज्याला विकायचीच नाही, त्याने ही पट्टी कशातून भरावी? ज्यांच्या वावराशेजारी ले-आऊट पडले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०२३ साली तिथल्या जिल्हा मंडळाने घराची मर्यादा १४०० चौरस फुटांवरून ३००० वर नेली. लहान घर वाळूबरोबर मागे सरकवता येते. मोठ्या बंगल्याचा मालक भिंत मागतो, आणि भिंत आली की वाळूची वाट अडते. गावकऱ्यांनी या ठरावावर मतदान मागितले. मंडळ आडवे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. अर्जावर दोन हजारांवर सह्या होत्या. बेटावरची माणसे काही डझन. बाकीच्या सह्या पलीकडच्या काठावरच्या शेजाऱ्यांच्या.