शिफारसपत्रावर सुटलेली गोळी

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून अचानक पाणी गळायला लागलं. घरमालकांनी प्लंबरला बोलावलं. त्याने टाकी रिकामी केली, तळाच्या गाळात हात घातला आणि एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. तांबूस, टोकाला चेपलेली, करंगळीच्या पेराहून लहान. आदल्या रात्री खालच्या रस्त्याने कुठलीशी वरात गेली होती. डीजेच्या दणदणाटात चार बार ऐकू आले होते आणि आम्ही ते फटाके समजलो होतो. टाकीपासून पाच पावलांवर दोरीला लहान मुलांचे कपडे वाळत होते. ती दोन्ही मुलं संध्याकाळभर त्याच गच्चीवर खेळतात. बार झाले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मुलं वाचली ती घड्याळामुळे, कायद्यामुळे नव्हे.

घरमालक म्हणाले, "छोडिए भाईसाब, शादी-ब्याह में तो होता है." माणूस सज्जन आहे, अडीअडचणीला धावून येतो. म्हणूनच ते वाक्य मला जास्त झोंबलं. सज्जनांनी गृहीत धरलेला गुन्हा कुठलाही कायदा थांबवू शकत नाही.

आम्ही राहतो ते मुनिरका हे जुनं गाव दिल्लीने चहूबाजूंनी वेढलं. जेएनयूला खेटून असलेल्या या वस्तीत समोरासमोरच्या सज्जांतून हात लांब केला तर हाताला हात लागतो. एकेका गच्चीवर पाच-पाच बिऱ्हाडांची धुणी वाळतात. ईशान्येकडून आलेल्या मुली, बिहारचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांसाठी लातूर-नांदेडहून आलेली आमची पोरं इथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. हवेत गोळी झाडली म्हणतात. मुनिरक्यात हवा नावाची मोकळी जागाच नाही. इथली हवा म्हणजे कुणाची तरी गच्ची, कुणाची तरी खिडकी. वर गेलेली गोळी खाली येतेच. सेकंदाला ६० मीटरच्या आसपास वेग असला तरी ती कातडी फाडून आत शिरू शकते, आणि तिरकी झाडलेली गोळी त्याहून कितीतरी वेगाने येते.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. २०१६च्या शस्त्र नियमांत लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत बार काढणाऱ्याचा परवाना रद्द करण्याची तरतूद आहे. डिसेंबर २०१९मध्ये संसदेने शस्त्र कायदा दुरुस्त केला आणि लोकांचा जीव धोक्यात घालून आनंदाप्रीत्यर्थ केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा पुस्तकात आहे आणि गोळी आमच्या टाकीत आहे. या दोन्हींच्या मध्ये जो माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे. तो आपला स्थानिक पुढारी.

त्याआधी पुढाऱ्यांच्या उघड विरोधाचं एक उदाहरण बघा. अमेरिकेत व्हर्जिनिया बीच शहरात ३१ मे २०१९ रोजी एका हल्लेखोराने बारा जणांना गोळ्या घालून मारलं. त्या वर्षाच्या शेवटी राज्य सरकार बंदुकांचे कायदे कडक करायला निघालं, तेव्हा व्हर्जिनियातल्या बहुसंख्य काऊंट्यांनी ते कायदे आपल्याला मान्य नसल्याचे ठराव केले. ज्या शहरात बारा माणसं मेली, त्या शहराच्या परिषदेनेही २०२०च्या जानेवारीत बंदुकीच्या हक्काच्या बाजूने ठराव केला. मला ती गोष्ट घृणास्पद वाटते. पण तिथे कुणी हात वर केला ते निदान नोंदलं गेलं आणि मतदाराला जाब विचारता आला. आपल्याकडे ठरावाची गरजच पडत नाही. आपला पुढारी कायद्याच्या बाजूने भाषण करतो आणि कार्यकर्त्याच्या परवान्यासाठी लेटरहेडवर दोन ओळी लिहून देतो. वरातीतला बंदूकवाला पकडला गेला की फोन करतो: आपलाच पोरगा आहे, लग्नाचं घर आहे, जरा समजून घ्या. हाच आपल्याकडचा कायद्याविरुद्धचा ठराव. त्याचं इतिवृत्त नसतं, त्याला सूचक-अनुमोदक नसतात, आणि म्हणूनच तो अधिक नीच आहे.

आपल्याकडे उघड विरोधही झालाच. २०१९चं विधेयक मांडलं गेलं तेव्हा एका माणसाला एकच बंदूक, असं त्यात होतं. त्याआधी तीन बंदुकांची मुभा होती. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी केंद्राला पत्र लिहिलं: आमचं राज्य सीमेवरचं, शेतावरची घरं लांब-लांब, तीन बंदुका राहू द्या. इतरांनीही ओढाताण केली आणि कायदा होताना एकाचे दोन झाले. त्याच पंजाबात मे २०२२मध्ये गायक सिद्धू मूसेवाला भररस्त्यात गोळ्यांनी चाळणी होऊन मेला आणि नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारला शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालून सगळ्या परवान्यांची फेरतपासणी करण्याचे आदेश काढावे लागले. सीमेचं संकट परवान्यातल्या तिसऱ्या बंदुकीने टळत नसतं. ती बंदूक गावातल्या वैऱ्याला दाखवायची असते.

हे उत्तरेतलं खूळ आहे, असं म्हणून मराठी वाचकाने हात झटकू नयेत. २०१६अखेरच्या केंद्राच्या आकडेवारीनुसार देशात ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार उत्तर प्रदेशातले, महाराष्ट्रातले ८४ हजार. आकड्याने आपण लहान दिसतो, पण बीडकडे बघा. ९ डिसेंबर २०२४ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नाही. पण त्या हत्येने जिल्ह्यावरचं झाकण उडालं आणि एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं महाराष्ट्राला कळलं. कमरेला पिस्तूल लावून काढलेले रील्स, हवेत बार काढतानाचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. मग पडताळणी झाली आणि शेकडो परवाने रद्द झाले. माझा प्रश्न साधा आहे. जे परवाने महिन्याभराच्या तपासणीत टिकले नाहीत, ते दिले कसे गेले? प्रत्येक अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो. तो अनुकूल यावा म्हणून कुणी कुणाला फोन केला? परवाने रद्द झाले, शिफारस करणारे मात्र मोकळे राहिले. कुंपणाने शेत खाल्लं आणि आपण नुसती बुजगावणी बदलली.

यावर ठरलेलं उत्तर येतं की निःशस्त्र करणं हे इंग्रजांचं धोरण होतं. खरं आहे. १८७८चा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा अपमानास्पद होता आणि काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. पण पुढचं पानही वाचा. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सत्तेखाली ती मागणी समजण्याजोगी होती, पण स्वतंत्र देशात असा हक्क सरसकट दिला की तो सराईत गुन्हेगारालाही मिळेल, हा त्यांचा मुद्दा होता. आज १९व्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र. विनाशस्त्र हा शब्द संविधानात जाणूनबुजून लिहिलेला आहे. वरातीतल्या प्रत्येक पिस्तुलाने त्या शब्दावर गोळी झाडली जाते.

शेतकऱ्याची बंदूक मी यात धरत नाही. गोव्यात, कोकणात माकडं आणि रानडुकरं उभं पीक फस्त करतात. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याविरुद्ध गोव्यातून दाद मागितली गेली आणि १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. प्रत्येकाचं प्रकरण तपासून ठरवा, असं न्यायालय म्हणालं. योग्यच म्हणालं. माझंही मागणं नेमकं तेच आहे: तपासा. रानडुकरासाठी मागितलेली ठासणीची बंदूक आणि कार्यालयाच्या टेबलावर पाहुण्याला दिसेल अशी ठेवायला मागितलेलं पिस्तूल, यातला फरक प्रत्येक तलाठ्याला कळतो. तो फरक पुसून टाकते ती शिफारस.

आणि स्वसंरक्षण? याच मुनिरक्याच्या बसथांब्यावरून १६ डिसेंबर २०१२च्या रात्री एक मुलगी बसमध्ये चढली. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्यानंतर १३ महिन्यांनी, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रोज त्या थांब्यावर मुली उभ्या असतात. कुणी नर्स आहे, कुणी मॉलमध्ये विक्रेती, कुणी पीएचडीची विद्यार्थिनी. त्यांना चालणारे पथदिवे हवेत, वेळेवर बस हवी, तक्रार लिहून घेणारा पोलीस हवा. शासनाने जे फुकट द्यायला हवं, ते पर्समध्ये मावेल अशा लोखंडात विकायला काढणं हा त्या मुलीच्या स्मृतीचा अपमान होता, आणि तो मी विसरलेलो नाही.

दिल्लीत शस्त्रांचे परवाने पोलीस देतात आणि पोलीस केंद्राचे. नगरसेवक म्हणतील, आमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. सामुदायिक भवनाच्या आरक्षणाच्या अर्जावर एक अट छापता येते: आवारात शस्त्र दिसलं तर अनामत जप्त, समारंभ बंद. वरातीआधी घरी जाऊन यजमानाला बजावता येतं. महाराष्ट्रात ग्रामसभेला तसा ठराव करता येतो. आणि शस्त्र परवान्यासाठी शिफारस करणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीचं नाव, ज्याच्यासाठी शिफारस केली त्याच्या नावासकट, कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. एवढं एक केलं तर निम्मे अर्ज आपोआप मागे घेतले जातील.

प्लंबरने टाकीचं भोक एम-सीलने बुजवलं. ती गोळी मी टाकून दिली नाही, टेबलाच्या खणात ठेवली आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो कोणी आमच्या जिन्याने वर येईल, त्याच्या हातावर मी ती ठेवणार आहे आणि एकच विचारणार आहे: पिस्तुलाच्या परवान्यासाठी आजवर किती जणांना पत्रं दिलीत? आकडा सांगितल्याशिवाय त्यांनी माझ्याकडे मत मागू नये.