मुलगी एकटी रात्रीच्या गाडीने: खरा घोर डब्यापेक्षा स्टेशनबाहेरचा

मुंबईत मुलाखत, पुण्या-मुंबईत अ‍ॅडमिशन, नर्सिंगची परीक्षा. पत्र हातात पडलं की मालवण तालुक्यातल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला, "सोबतीक कोण आसा?" कुणी नसलं तर मुलीची संधी जाते. मुलगा असता तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

भीती खोटी नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये इगतपुरी-कसारा दरम्यान पुष्पक एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात दरोडेखोरांनी प्रवाशांना लुटलं आणि पतीसोबत असलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार केला. म्हणजे पुरुष सोबत असला की झालं, हा हिशेबही पक्का नाही.

पण आपल्या मार्गाचा विचार करा. कोकणकन्या रात्री मुंबई सोडते आणि सकाळी उजेडात कुडाळला आणते. उलट दिवसाची गाडी पावसाळ्यात लेट झाली तर काळोखात उतरवते. मालवणला रेल्वे नाही. कुडाळहून पुढे तीसेक किलोमीटर. शेवटची एसटी गेली की रिक्षावाला सांगेल ते भाडं, आणि वाटेत सामसूम. आचरा, देवबागच्या मुलीला तर अजून पुढे जायचंय. घरच्यांना डब्यातल्या बर्थची चिंता, पण या तासाभराचा विचार कोण करतं?

जाताना तीच गत दुसऱ्या टोकाला. पनवेल, ठाण्याला गाडी पहाटे काळोखात पोचते. न्यायला कोणी नसेल तर उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये थांबावं, बाहेर पडायची घाई नको.

तिकिटाचं एक बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये महिलांसाठी सहा बर्थ राखीव असतात, वयाची अट नाही. बुकिंग करताना कोटा 'जनरल' ऐवजी 'लेडीज' निवडायचा. गणपतीत तेही पटकन जातात म्हणा, पण बघायला काय हरकत? साइड लोअर आवडत असली तरी रात्री वरचा बर्थ बरा. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागत नाही, सामान डोक्याशी राहतं.

त्रास झाला तर 139 लावा. मात्र बोगद्यांत रेंज जाते, एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. म्हणून फोनच्या भरवशावर न राहता आधी आवाज चढवा, शेजारच्या कुटुंबाला उठवा, टीसीला गाठा. आणि 139 हाच आकडा रेल्वे कायद्यातही आहे. 1989 च्या कायद्याच्या कलम 139 प्रमाणे एकट्या बाईला तिकीट नाही म्हणून रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. टीसी दमदाटी करू लागला तर हे कलम सांगा.

बाकी घरच्यांच्या हातचं नाही. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण गाडी लेट झाल्यावर बस थांबलीच नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय? लेट गाडीची खबर स्टेशनवरून डेपोला जावी आणि शेवटची मालवण बस तेवढी थांबावी. ग्रामसभेत मांडायला हा विषय लहान नाही.